बैल कोनाचा, मानूस कोनाचा

भुईखेडच्या लोकांना वाघाची भीती नव्हती, पटकीची होती पण थोडी, आणि भुताखेतांशी तर त्यांचं घरोब्याचं चालत असे. ते घाबरायचे फक्त खाकी कपड्याला. त्या कपड्यापुढे कसं उभं राहावं, काय बोलावं आणि मुख्य म्हणजे काय बोलू नये, ही विद्या गावाला डोमाजीबुवानं शिकवली होती. आर्वी-आष्टीच्या पट्ट्यात या विषयातला एवढा जाणता माणूस दुसरा नव्हता, असं निदान भुईखेडचं मत होतं.

ही विद्या त्याला फुकट मिळाली नव्हती. बेचाळीस साली आष्टीला रक्त सांडलं आणि मग आसपासच्या गावांतून दिसेल त्याची धरपकड सुरू झाली. डोमाजीचा त्या उठावाशी संबंध एवढाच, की त्या दिवसांत तो सासुरवाडीहून पायी येत होता आणि जाताना वाटेत त्याचा दुपट्टा कुठंतरी गळून पडला होता. लाल काठाचा, लग्नात सासऱ्यानं दिलेला. पुढं नाल्यावरच्या पुलाशी शिपायांची टोळी उभी होती. पूल कोणीतरी मोडून ठेवला होता आणि साहेब तिथंच सापडलेला एक दुपट्टा काठीवर धरून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होता, "ये किसका है?" लोक माना हलवून पुढं सरकत होते. डोमाजीला मात्र आनंद झाला. हरवलेली वस्तू सरकार स्वतःच्या हातानं परत करतंय, असं राज्य त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाला, "माया हाये जी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढं केलेल्या त्याच हातांत बेड्या पडल्या. नागपूरच्या तुरुंगात तो दोन वर्षं होता. बाकीचे देशासाठी आत आले होते, हा दुपट्ट्यासाठी. स्वराज्य आल्यावर गावानं त्याचा सत्कार केला, तेव्हा गळ्यात हार पडण्याआधी तो हार कोणाचा आहे हे त्यानं दोनदा विचारून घेतलं.

तेव्हापासून उन्हाळ्यात शेतकाम नसलं की चावडीपुढच्या कडुनिंबाखाली डोमाजीची शिकवणी भरू लागली. लहानू कोतवालाची काठी घेऊन डोमाजी स्वतः पोलीस व्हायचा आणि एकेकाला पुढं बोलवायचा. पोलिसाच्या हातात जे असेल ते आपलं नव्हे, मग ते स्वतःचं पागोटं का असेना. पोलिसाला पाणी द्यावं, पण बाज टाकू नये. बसलेला पोलीस उभ्या पोलिसापेक्षा जास्त विचारतो. "नाई" म्हणू नये, "मालूम नाई" म्हणावं. "नाई" म्हणणारा खोटा ठरू शकतो, मालूम नसणाऱ्याला कोण काय करणार? आणि चोरी झाली तरी ठाण्यात जाऊ नये, कारण चोर सापडत नाही तोवर ठाण्याला कोणीतरी लागतोच आणि सांगायला गेलेला माणूस आयता दारात उभा असतो. लोक हे सगळं मन लावून शिकले. गावाचा कारभार पाहणारा मुकद्दम बापूजी तर इतका तयार झाला, की घरात बायकोनं मीठ कुठंय विचारलं तरी त्याच्या तोंडून "मालूम नाई जी" निघायचं.

शेवटचा धडा सगळ्यांत अवघड होता. आपल्यातलाच एखादा धरला गेला आणि पोलीस त्याला गावात घेऊन आले, तर काय करायचं? "तेव्हा," डोमाजी काठी आपटून सांगायचा, "तो आपला नोय. त्याले कोनी ओयखत नाई. ज्यानं ओयखलं, तो बी त्याच्यासंगं गेला समजा. तो रडन, नावं घेईन, मी तुमचा हाये म्हनून बोंबलन. मार खाल्लेला मानूस काईबी बोलते, तिकडे ध्यान देऊ नोका. तो मान खाली घालन, तो त्याचा इशारा समजून घेजा, का मले ओयखू नोका." या धड्याच्या वेळी लहानू कोतवालाच्या डोळ्यांत दर खेपेला पाणी यायचं, पण पाठ त्यालाच सगळ्यांत चांगला होता.

या विद्येचा गावाला फायदा किती झाला हे सांगणं कठीण आहे, कारण भुईखेडात पोलीस सहसा यायचेच नाहीत. एकदा खाकी चड्डी घालून देवी टोचणारा माणूस आला, तर गावानं त्याला हात जोडून सांगितलं, की आमच्या गावात लहान पोरं असल्याचं कोणाला मालूम नाही. त्या वेळी चावडीच्या भिंतीवर पोरं ओळीनं बसून त्याच्याकडेच बघत होती. पोस्टमननं तर शेवटी नाव पुकारणं सोडून दिलं आणि तो चिठ्ठ्या कडुनिंबाच्या बुंध्याशी दगडाखाली ठेवून जाऊ लागला.

डोमाजीच्या घरी त्याची बायको मनकर्णाबाई होती आणि बैलांची जोडी होती, हिऱ्या आणि कवड्या. दोन्ही अस्सल गवळाऊ, पांढरे शुभ्र. मूलबाळ नव्हतं. कवड्याची आई त्याला जन्म देऊन मेली, तेव्हा मनकर्णाबाईनं ज्वारीच्या पेजेत बोटं बुडवून त्याला चोखायला लावली आणि जगवलं. मोठा झाल्यावर त्यानं डोमाजीशी एक सलगी ठेवली होती. डोमाजी शेतावर निघताना दुपट्ट्याच्या टोकाला भाकरीचा तुकडा बांधून घ्यायचा आणि कवड्या नाकानं ती गाठ हुडकून हिसके द्यायचा. हा नवा दुपट्टा बिनकाठाचा होता. ओळख पटेल असं काही अंगावर वागवायचं नाही, असं डोमाजीनं तुरुंगातून सुटतानाच ठरवलं होतं.

स्वराज्याला सात-आठ वर्षं झाली होती. त्या साली भर श्रावणात नाल्याकाठी चरायला सोडलेला कवड्या नाहीसा झाला. डोमाजीनं शेतं तुडवली, जंगल धुंडाळलं, रोहण्याच्या बाजारात जाऊन प्रत्येक पांढऱ्या बैलाच्या तोंडाकडे पाहिलं. एकट्या हिऱ्याच्या मानेवर तण काढायचा डवरा चालेना आणि कपाशीत गवत माजलं. मनकर्णाबाई रोज एकच म्हणायची, "आयकता का? ठान्यात जाऊन सांगा ना." आणि डोमाजी रोज एकच सांगायचा, "तुले समजत नाई." ती पेजेची गोष्ट काढायची नाही. पण संध्याकाळी कवड्याच्या रिकाम्या खुंट्यापुढचीही जागा ती झाडून काढायची, आणि ते झाडणं डोमाजीला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

पोळा आठवड्यावर आला असताना गावात एक शिपाई आला. लक्ष्मणराव नावाचा, मूळचा हिंगणघाटचा, वयानं तरुण आणि स्वभावानं इतका भला, की पोलिसात कसा लागला असं वाटावं. जनावरं चोरणारी टोळी पकडली होती आणि ज्यांची जनावरं होती त्यांना ती परत द्यायला तो गावोगाव फिरत होता. त्यानं चावडीपुढं सगळ्यांना गोळा केलं आणि विचारलं, "पांढरा गवळाऊ बैल हाये. डाव्या शिंगाचं टोक मोडलं हाये. कोनाचा हाये तो?"

कवड्याचं शिंग चावडीपुढच्या दगडावर आपटून मोडलं, तेव्हा अर्धं गाव तिथं होतं. सगळ्यांनी एकदा डोमाजीकडे पाहिलं आणि मग आकाशाकडे. बैल जिवंत आहे, ठाण्यात आहे, एवढं डोमाजीला कळलं आणि आनंदानं त्याचे हात आपोआप पुढं निघाले. ते हात त्याला दिसले मात्र, आणि तो पूल, ती काठी, तो लाल काठ सगळं डोळ्यांपुढं आलं. त्यानं हात पाठीमागं बांधले. त्याच्या तोंडून स्पष्ट, ठणठणीत शब्द आले, "मालूम नाई जी."

मग काय, सगळ्या गावाला वाचा फुटली. बापूजी मुकद्दमानं तर पुढं होऊन सांगितलं, की आमच्या गावातून बैल कधी हरवतच नाहीत, आणि असा बैल गावात कोणी पाहिलेलाही नाही. लक्ष्मणरावाला उभ्याउभ्या पाणी पाजण्यात आलं. तो तोंड पुसत पुढच्या गावाला गेला आणि गाव डोमाजीभोवती जमलं. स्वतःचा बैल पणाला लावून गुरूनं धडा पाळून दाखवला, हे कौतुक लहानूनं प्रत्येकाला दोनदा सांगितलं.

डोमाजी घरी आला तेव्हा मनकर्णाबाई दाराशीच उभी होती. तिला सगळं कळलं होतं. ती ओरडली नाही. म्हणाली, "इकला तुमी त्याले. अन् मोलबी घेतलं नाई." त्यानंतर तिनं बोलणं सोडलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकायची वेळ झाली. तिनं हिऱ्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळलं, रीतीप्रमाणं त्याच्या कानाशी "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणाली, आणि मग रिकाम्या खुंट्यापुढं जाऊन तेच आवतण तिथंही दिलं. डोमाजीला ते बघवलं नाही. पोळा झाला की बेवारशी जनावरांचा लिलाव होणार, हे त्यानं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरात काही न सांगता ठाण्याच्या वाटेला लागला. दुपट्ट्याला सवयीनं भाकरीचा तुकडा बांधला होता, तो त्याच्या ध्यानातही नव्हता. ठाणं दिसलं. तो दोनदा मागं फिरला. तिसऱ्यांदा फिरणार, तेवढ्यात आवारातल्या झाडाखाली बांधलेला कवड्या त्याला दिसला. बरगड्या मोजाव्यात असा झाला होता. मग मात्र डोमाजी सरळ आत गेला आणि जमादारापुढं उभा राहून म्हणाला, "तो बैल माया हाये जी."

जमादार जुना माणूस होता. त्यानं लक्ष्मणरावाला बोलावलं आणि लक्ष्मणरावानं डोमाजीला पाहताच ओळखलं.

"बुवा, तुमीच तं मालूम नाई म्हनलं होतं ना त्या दिवशी?"

"तवा खोटं बोललो जी. आता खरं बोलून राह्यलो."

"असं," जमादार म्हणाला. "पोयाच्या दिवशी बैल फुकट भेटला तं कोनाले नोको हाये? आजवर इथं जो आला, तो आताच खरं बोलून राह्यला." त्यानं थोडा विचार केला आणि लक्ष्मणरावाला हुकूम दिला, की या माणसाला आणि बैलाला घेऊन भुईखेडला जा. गावानं बैल याचा आहे म्हटलं तर देऊन टाक. नाही म्हटलं तर दोघांनाही परत घेऊन ये. बैल लिलावात जाईल आणि हा चोरीच्या मालावर खोटा हक्क सांगितला म्हणून आत जाईल. डोमाजीचा जीव भांड्यात पडला. गाव काय, गाव तर आपलंच आहे.

वाटभर तो लक्ष्मणरावाशी मोकळेपणानं बोलत होता. कवड्याला पेज कशी पाजली, शिंग कसं मोडलं, सगळं सांगत होता. पोलिसाशी आपण एवढं बोलतोय, हे त्याला नंतर आठवून घाम फुटला. गावात पोळ्याचं तोरण बांधलं होतं, त्याखाली सजवलेल्या जोड्या उभ्या होत्या आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, म्हणणाऱ्यांचे आवाज चढले होते. डोमाजी लांबूनच हसला आणि त्यानं हात वर केला.

गावानं पाहिलं ते असं. डोमाजी पुढं, त्याच्यामागं खाकी शिपाई, आणि शिपायाच्या हातात दोर. दोराच्या दुसऱ्या टोकाला बैल आहे हे कोणी नीट पाहिलं नाही. झडत्या थांबल्या. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली, की ज्यासाठी इतकी वर्षं शिकलो, तो दिवस आज उगवला.

"काय मुकद्दम," लक्ष्मणराव म्हणाला, "हा मानूस तुमच्या गावचा हाये का?"

बापूजीनं डोमाजीकडे पाहिलं. दोघं एका वर्षाचे, एका नाल्यात डुंबलेले. बापूजीनं घसा साफ केला. "मालूम नाई जी."

"अरे बापूजी," डोमाजी म्हणाला, "मी डोमाजी हाये. सांग ना त्याले."

"नाव घेईन म्हनलं होतं," मागून कोणीतरी हळूच म्हणालं.

डोमाजी लहानूकडे वळला. "लहानू, तू तरी सांग बाबा. हात जोडतो तुले. शिकवलं ते सारं इसर." लहानू कोतवालाच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण तो सरळ उभा राहिला आणि त्यानं अख्ख्या गावाच्या वतीनं सांगितलं, की या माणसाला आमच्यापैकी कोणी कधी पाहिलेलं नाही. डोमाजी रडला. त्यानं एकेकाच्या घरच्या गोष्टी सांगितल्या, कोणाच्या लग्नात काय झालं, कोणाची विहीर कोणी खोदली. पण तो जितका रडला तितकं गाव घट्ट झालं, कारण हे सगळं असंच होणार हे गावाला आधीच सांगून ठेवलेलं होतं. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात, ती इतकी पुरेपूर फळलेली कोणी पाहिली नसेल.

लक्ष्मणरावाला वाईट वाटलं. वाटेत ऐकलेल्या पेजेच्या गोष्टीवर त्याचा विश्वास बसला होता, आणि आता आपण फसलो असं त्याला वाटलं. "चला बुवा," तो म्हणाला आणि त्यानं दोर ओढला. पण कवड्या हलेना. त्यानं एकदा फुत्कार टाकला आणि शिपायासकट दोर ओढत तो तोरणाखालून थेट गल्लीत शिरला. डोमाजीचं मनगट लक्ष्मणरावानं धरलेलंच होतं, म्हणून तोही मागं फरफटत गेला. कवड्या अंगणात शिरून त्या झाडलेल्या खुंट्यापुढं जाऊन उभा राहिला.

मनकर्णाबाई हातात पुरणाचं ताट घेऊन बाहेर आली. तिनं बैलाला पाहिलं, शिपायाला पाहिलं, नवऱ्याला पाहिलं आणि ताट ओट्यावर ठेवलं.

"बाई, बैल कोनाचा हाये हा?" लक्ष्मणरावानं विचारलं.

"आमचा हाये," ती म्हणाली. कडुनिंबाखालच्या शिकवणीला बायकांना कधी बसवलं नव्हतं. "कवड्या नाव हाये त्याचं. मागच्या उजव्या खुराले चीर हाये, पाहून घ्या."

लक्ष्मणरावानं वाकून पाहिलं. चीर होती. तो उभा राहिला आणि त्यानं डोमाजीचं मनगट वर केलं. "अन् हा मानूस?"

डोमाजीला बायकोकडे बघवेना. जिला पंधरा वेळा "तुले समजत नाई" म्हटलं, तिच्यापुढं आपण असे धरलेले उभे आहोत, या लाजेनं त्यानं मान खाली घातली. शिकवणीला बसली नसली, तरी घरात रोज तेच ऐकून मनकर्णाबाईला ती खूण माहीत होती. हा माणूस एकदा तिच्याकडून दोन वर्षं नेला होता, आता ओळखलं तर तो अजूनच अडकेल असं तिला वाटलं. तिनं पदर कपाळावर ओढला आणि म्हणाली, "मानसाचं मले मालूम नाई जी."

बैल मिळाला आणि माणूस गेला, असा हिशोब झाला. लक्ष्मणरावानं दोर सोडून दिला आणि डोमाजीला घेऊन तो अंगणाबाहेर निघाला. तेवढ्यात कवड्या वळला. भुईखेडात तो एकच असा होता, की ज्याला डोमाजीनं काही शिकवलेलं नव्हतं. त्यानं डोमाजीच्या खांद्यावर नाक घासत घासत दुपट्ट्याचं टोक शोधलं, गाठ दातात धरली आणि हिसका दिला. गाठ सुटली नाही. त्यानं पुन्हा हिसका दिला आणि डोमाजी, दंडाला शिपाई अन् दुपट्ट्याला बैल अशा अवस्थेत, अंगणाच्या मधोमध उभा राहिला. तो मोकळ्या हातानं गाठ सोडायला लागला. भाकरीचा तुकडा त्यानं कवड्याला दिला.

मनकर्णाबाईला ते सहन झालं नाही. एक जनावर खरं बोललं आणि आपण बोललो नाही, याचा तिला राग आला. तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला, पुढं येऊन नवऱ्याचा दुसरा हात धरला आणि म्हणाली, "माया हाये जी."

डोमाजीनं डोळे मिटले. हेच तीन शब्द, याच स्वरात. पुढं काय होतं ते त्याला पाठ होतं, आणि या वेळी ते तिच्यावर येणार होतं. त्यानं बेडीच्या आवाजाची वाट पाहिली. कुंपणापलीकडे जमलेल्या गावानंही पाहिली.

काही आवाज झाला नाही. डोळे उघडले तेव्हा लक्ष्मणरावानं त्याचं मनगट सोडलेलं होतं आणि तो टोपी काढून कपाळावरचा घाम पुसत होता. "बाई," तो म्हणाला, "हे पयलेच सांगतलं असतं तं माया दोन खेपा वाचल्या असत्या. थोडं पानी भेटन का?"

मनकर्णाबाई आत गेली आणि तिनं तांब्या भरून आणला. लक्ष्मणराव गावाच्या रीतीप्रमाणं उभ्यानंच प्यायला लागला. कुंपणाशी बापूजी मुकद्दम टाचा उंचावून बघत होता, आणि लहानू कोतवाल डोळे पुसत बघत होता. मग डोमाजी भिंतीशी उभी केलेली बाज घेऊन आला, सगळ्या गावाच्या देखत ती अंगणात टाकली आणि वरची धूळ दुपट्ट्यानं झटकून म्हणाला, "बसा जी."